बंदी आणि नेम

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक पत्रे सप्ताहाच्या निमंत्रणाची, कुणाच्या पुण्यतिथीची, नाहीतर अंक पोचला नाही म्हणून तक्रारीची असतात. त्यांची उत्तरे देणे सोपे. क्वचित एखादे पत्र असे येते की ते वाचून बाजूला ठेवता येत नाही. मध्यंतरी तसे एक आले. लिहिणारे गृहस्थ माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. गळ्यात माळ आहे, आषाढीची वारी चुकवीत नाहीत. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती आम्ही पाळतो.

हकीकत थोडक्यात अशी. मुलांनी शाळेत मोबाइल फोन आणू नये असा त्यांच्या शाळेने नियम केला आणि सकाळी फाटकाशी उभे राहून दप्तरे पाहण्याचे काम ह्यांच्या वाट्याला आले. तिसऱ्या दिवशी नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात फोन सापडला. ह्यांनी तो काढून घेतला. मुलगा रडला नाही, हुज्जतही घातली नाही. त्याने इतकेच विचारले, "सर, तुमचा कुठंय?"

तो त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. बाहेरून चौकोन दिसत होता.

ते लिहितात, "मी त्याला दरडावून वर्गात पाठवला. पण त्या रात्री हरिपाठात लक्ष लागले नाही. त्याचा फोन घेण्याचा मला अधिकार होता काय? आणि अधिकार नव्हता असे धरले तर पोरांना तसेच सोडून द्यायचे काय? माउली, कृपा करून उत्तर द्यावे."

उत्तर द्यायला आम्हांला महिना लागला. तो का लागला ते पुढे सांगतो. प्रश्न मात्र एकट्या त्या शिक्षकांचा नाही, म्हणून त्याचा विचार इथे, सर्वांसमोर करीत आहोत.

प्रथम, हे यंत्र मुलांच्या हातात आले कसे ते आठवले पाहिजे. ते त्यांनी चोरून आणलेले नाही. २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि आपणच, म्हणजे आईबापांनी, शिक्षकांनी, सरकारने मुलांना सांगितले की आता शाळा फोनवर आहे. ज्या घरात फोन नव्हता तिथे उसनवारी करून तो आणला. एक फोन आणि तीन भावंडे अशी घरे आम्ही पाहिली आहेत. पहाटे एकाने, दुपारी दुसऱ्याने, रात्री तिसऱ्याने अभ्यास करायचा. पुढे साथ ओसरली, शाळा उघडल्या, फोन काही परत गेला नाही. काल ज्याला आपण "फोन घे आणि अभ्यास कर" म्हणत होतो, त्यालाच आज "फोन ठेव आणि अभ्यास कर" म्हणतो आहोत. पोरे गोंधळली तर दोष कुणाचा?

खेड्यापाड्यांतल्या शिक्षणाची 'असर' नावाची जी देशव्यापी पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या मुलांना फोनविषयी विचारले होते. शंभरातल्या ८२ मुलांना तो वापरता येत होता. ह्या मुलांपैकी शेकडा ५७ मुलांनी आधीच्या आठवड्यात काही ना काही अभ्यासासाठी तो हाती घेतला होता, आणि शेकडा ७६ मुलांनी समाजमाध्यमांसाठी. पहिला आकडाही लहान नव्हे, हे फोनला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. गरिबाच्या मुलाला जे पुस्तक विकत घेता आले नसते ते त्याने ह्याच काचेवर वाचलेले असते. गणित अडले आणि विचारायला घरात कुणी शिकलेले नाही, अशा मुलीला ह्याच काचेने वाट दाखवलेली असते. ते नाकारून पुढे बोलणे म्हणजे लबाडी होईल.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांची ही ओरड जुनीच आहे. कादंबऱ्या आल्या तेव्हा हेच, सिनेमा आला तेव्हा हेच, ट्रान्झिस्टर आला, टीव्ही आला तेव्हाही हेच. आणि ज्या पोरांना तेव्हा बोल लावला तीच पोरे आता पांढरी होऊन आपल्या नातवंडांना तेच ऐकवीत आहेत. हा आक्षेप खरा आहे, आणि आमच्यासारख्यांनी तो मधूनमधून ऐकत जावा. तरीसुद्धा एक फरक राहतोच, आणि तो आमच्या संप्रदायातल्या माणसाला चटकन समजेल असा आहे.

सिनेमाच्या शेवटी 'समाप्त' अशी पाटी येत असे. कादंबरीला शेवटचे पान असते. जत्रेतला तमाशा झाला तरी उजाडल्यावर माणसे उठून कामाला लागतात. आपल्या पोथीला अध्याय आहेत, ओवीला आकडा आहे. हरिपाठाला बसलेला माणूस कितीही रंगला तरी हरिपाठ संपतो, मग आरती होते, बुक्का लागतो, प्रसाद हातावर पडतो आणि जो तो घरी जातो. फोनच्या पडद्याला हा शेवट नाही. पूर्वी थोडाफार होता. पानाच्या तळाशी पोचले की पुढचे पान उघडायला मुद्दाम बोट दाबावे लागे, आणि तेवढ्या क्षणात माणसाला "पुरे झालं" म्हणायला जागा असे. २००६ साली एझा रास्किन नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने ती जागाच काढून टाकणारी युक्ती बसवली. बोट वर सरकवीत जावे, खालून नवे नवे येत जावे, तळ म्हणून लागूच नये. पुढे त्याने स्वतःच ह्याबद्दल जाहीरपणे खंत बोलून दाखवली. पण खंत त्याच्याजवळ राहिली आणि युक्ती जगभर गेली. आता ती चालवायला मोठमोठ्या कंपन्या आहेत, त्यांच्या पदरी हुशार माणसे आहेत, आणि त्यांचे उत्पन्न आपण किती वेळ पाहत बसतो ह्यावर अवलंबून आहे. नववीतले पोर एकटे ह्या सगळ्यांशी झुंजायला बसवले आहे, आणि ते हरले की आपण त्याला "तुझ्यात निग्रह नाही" म्हणतो.

शाळेपुरते बोलायचे तर प्रश्न त्यामानाने सोपा आहे. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातल्या यंत्रांविषयी मोठा अहवाल काढला. फोनमुळे एकदा चित्त विचलित झाले की पुन्हा अभ्यासात रुजायला मुलाला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे त्यात नमूद आहे. आपल्याकडे तासिका असते पस्तीस-चाळीस मिनिटांची. म्हणजे खिशात एकदा थरथर झाली की अर्धा तास गेलाच म्हणायचा. फ्रान्स देशाने २०१८ सालीच कायदा करून प्राथमिक शाळांतून आणि आपल्या माध्यमिकच्या खालच्या वर्गांना मिळत्या त्यांच्या शाळांतून फोनचा वापर बंद केला. तेव्हा वर्गात फोन नको ह्याविषयी आमच्या मनात संशय नाही. फळ्याकडे पाहायचे तेव्हा फळ्याकडेच पाहावे, हे सांगायला फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही.

पण आमच्या शिक्षकमित्रांनी हे विचारलेच नव्हते. त्यांनी विचारले की ते सांगणारा कोण असावा.

ह्यावर कीर्तनात एक गोष्ट सांगतात. आई मुलाला घेऊन साधूकडे जाते आणि म्हणते, महाराज, हा फार गूळ खातो, ह्याला समजावा. साधू म्हणतो, पंधरा दिवसांनी या. पंधरा दिवसांनी तो मुलाला सांगतो, बाळ, गूळ खाऊ नकोस. आई विचारते, एवढे त्याच दिवशी का नाही सांगितले? तर महाराज म्हणतात, त्या दिवशी मी स्वतःच गूळ खात होतो. ही गोष्ट कुठल्या संताच्या नावावर सांगायची ते कीर्तनकारागणिक बदलते. सभा मात्र दर वेळी माना डोलावते.

आम्हीही डोलावल्या आहेत. आता मात्र त्या गोष्टीत दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे, शेवटी मुलाने गूळ सोडला की नाही हे आम्ही कुठल्याच कीर्तनात नीट ऐकले नाही. कथा साधूच्या मोठेपणापाशी थांबते, पोर तिथेच राहते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. त्या पंधरा दिवसांत मुलगा गूळ खातच होता. साधूला शुद्ध व्हायला वेळ लागतो, आणि पोराचे वय काही थांबत नाही. शिक्षकांनी आधी स्वतः फोनमधून मुक्त व्हावे आणि मग मुलांना शिकवावे असे म्हटले तर मुले तोवर दहावी होऊन बाहेर पडतील.

म्हणून आमचे मत असे की अधिकार आणि वजन ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तंबाखू खाणाऱ्या बापाने मुलाला तंबाखू खाऊ नको म्हटले, तर त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही. तंबाखू वाईटच. आणि बाप म्हणून त्याने ते सांगायलाच पाहिजे, नाही सांगितले तर तो दुहेरी दोषी. मात्र त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. पोर ऐकून घेते आणि घराच्या पाठीमागे जाऊन चुना मळते. आमच्या शिक्षकमित्रांना फोन काढून घेण्याचा अधिकार होता, तो त्यांनी बजावला, त्यात पाप नाही. मुलाने जे विचारले ते वजनाविषयी विचारले. तेवढे त्याला बरोबर कळले होते.

ह्यावर आणखी एक शंका निघते. नुसते काढून घेऊन काय होणार? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचार कशाला म्हणतात ते भगवंतांनी सांगितले आहे. हातपाय आवरून बसायचे आणि मनाने विषयांचे चिंतन करीत राहायचे, हा तो. शाळेच्या कपाटात फोन ठेवून सहा तास त्याच्यावरच मन ठेवणारा मुलगा ह्याहून निराळे काय करतो? आणि संध्याकाळी घरी गेला की एकादशी अन् दुप्पट खाशी! सहा तासांची भूक सहा तास बसून भागवायची. असे होते, हे आईबाप आम्हांला सांगतात.

परंतु त्याच गीतेत सहावा अध्यायही आहे. तिथे अर्जुन तक्रार करतो की हे मन वाऱ्यासारखे आहे, आवरता आवरत नाही. तक्रार करणारा कोण, तर एवढा धनुर्धर, झाडावरच्या पक्ष्याच्या डोळ्यावर नजर ठेवणारा. भगवंत त्याला खोटे पाडीत नाहीत. मन आवरायला कठीण आहे हे मान्य करतात आणि उपाय म्हणून अभ्यास आणि वैराग्य सांगतात. वैराग्य पोराकडून मागणे हास्यास्पद आहे. राहिला अभ्यास. अभ्यास म्हणजे पुन्हापुन्हा करणे, आणि त्याची सुरुवात बहुधा बाहेरूनच होते. ज्याला आसनावर बसायची सवय नाही त्याचे मन कुठून बसणार? त्यामुळे सहा तास फोन हाताशी नसणे हे आज मिथ्याचार असले, तरी उद्या कशाचे तरी बीज असू शकेल. सगळे त्या सहा तासांत मुलाच्या भोवती काय दिसते ह्यावर आहे.

इथे आपल्या घरातली एकादशी आठवावी. माळकऱ्याच्या घरातले पोर एकादशी कसे शिकते? त्याचे ताट कुणी हिसकावून घेत नाही. त्या दिवशी घरात भात शिजत नाही, आजी उपाशी असते, आई वरई-साबुदाणा करते, बाप दशमीपासूनच बेताने जेवलेला असतो. चार-पाच वर्षांचे पोर हट्टाने म्हणते, मलाही उपास. दुपारी बाराला त्याला भूक लागते, मग कालची भाकरी मागते, आणि आजी स्वतःच्या हाताने त्याला ती दुधात कुस्करून देते. पोराला, आजाऱ्याला सूट आहे. पुढल्या एकादशीला ते दोन वाजेपर्यंत टिकते. दहाव्या वर्षी दिवसभर. कुणी तपासणी केली नाही, दंड केला नाही. पण अशी कल्पना करा की बाप ओटीवर बसून पिठले-भाकरी हाणतो आहे आणि पोराला सांगतो आहे, आज तुझी एकादशी. ते पोर जन्मात एकादशी करणार नाही. आणि केली तरी एकादशीचा द्वेष करील, हे अधिक वाईट.

बापाने पोरावर घातली ती बंदी. बापाने आधी स्वतःला घालून घेतला आणि पोर त्यात हळूहळू येऊन बसले तो नेम. एकच गोष्ट, वरून पाहता दोन्हींत अन्न नाही. आत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे नुसते बोलणे नव्हे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. वस्ती तीनेक हजारांची, शेती करणारी आणि साखर कारखान्यात कामाला जाणारी माणसे. शाळा पुन्हा उघडल्यावर मुले घरी आली की फोन नाहीतर टीव्ही, ह्याशिवाय तिसरे काही करीनात, म्हणून २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावाने सभा घेऊन ठरवले, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजावा, साडेआठला पुन्हा वाजावा, आणि मधला दीड तास गावातल्या साऱ्या घरांचे टीव्ही आणि फोन बंद राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. आधी ही कल्पना निघाली तेव्हा पुरुष मंडळी हसली. मग बायकांना विचारले. मालिका पाहण्यात आपलाही फार वेळ जातो हे त्यांनी कबूल केले आणि त्या तयार झाल्या. सुरुवातीला घरोघर फिरून सांगावे लागले. भोंगा वाजला म्हणजे मन लगेच ताळ्यावर येते असे थोडेच आहे!

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने ग्रामसभेत वेगळा ठराव केला. अठरा वर्षांखालच्या मुलांना फोन वापरू द्यायचा नाही. कळकळ दोन्हीकडे सारखीच आहे आणि आम्ही बांशीकरांना नावे ठेवणार नाही. ज्याचे पोर हातातून चालले आहे त्याला दुरून शहाणपण शिकवणे सोपे असते. पण दोन्ही ठराव शेजारी ठेवून पाहिले म्हणजे आमच्या मनात वडगावचा ठराव जाऊन बसतो. बांशीच्या ठरावात मुले आहेत. वडगावच्या ठरावात बाप आहे, आई आहे, सासू आहे, सरपंच आहे. आणि तो दीड तासाचाच आहे. सातला सुरू होतो, साडेआठला संपतो. त्याला शेवट आहे.

कुणी म्हणेल, मोठ्यांना आणि लहानांना एकच न्याय कसा लावता? बाप मोटरसायकल चालवतो म्हणून पोराला द्यायची काय? बरोबर आहे. सगळेच मोठ्यांचे ते लहानांचे नसते. पण मोटरसायकल बापाच्या ताब्यात असते, म्हणून तो हक्काने म्हणू शकतो, तू अजून लहान आहेस. फोनच्या बाबतीत बापच लहान आहे. जेवताना तो डाव्या हातात, रस्ता ओलांडताना कानाशी, झोपताना उशाशी. ह्या एका गोष्टीत आपण मुलांच्या पुढच्या इयत्तेत नाही, त्यांच्याच बाकावर बसलो आहोत. हे कबूल करून जो बोलेल त्याचे पोर निदान ऐकून घेईल.

शिक्षकांची अडचण आम्हांला ठाऊक आहे. पोषण आहाराचा रोजचा आकडा फोनवरून भरायचा, वरचे निरोप फोनवर येणार, अमुक माहिती दुपारच्या आत पाठवा म्हणून तगादा फोनवर. ते फोन फेकून देऊ शकत नाहीत. मुलांचेही तसेच. लांबच्या वस्तीवरून एस.टी.ने येणारी मुलगी आहे, संध्याकाळची गाडी चुकली तर घरी कळवणार कशी? दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे २०२५ साली असा प्रश्न आला होता. सरसकट बंदी इष्टही नाही आणि चालणारीही नाही, असे न्यायालयाने म्हटले. जिथे सोय असेल तिथे मुलांनी शाळेत आल्यावर फोन जमा करावेत, वर्गात तो नसावा, सुरक्षिततेसाठी आणि घरच्यांशी संपर्कासाठी त्याचा उपयोग असू द्यावा, करमणुकीसाठी नको, आणि मुलांना त्याचा नीट वापर शिकवावा, अशा धर्तीचे ते मार्गदर्शन आहे. आम्हांला हे शहाणपणाचे वाटते. त्यात आमची एक भर. कपाट एकच असावे. मुलांचे फोन ज्या कपाटात, त्याच कपाटात गुरुजनांचेही. कामाचा आकडा भरायचा झाला तर कचेरीतल्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत भरावा आणि फोन परत ठेवावा. मुलाला घरी निरोप द्यायचा असेल तर त्यालाही तिथेच, तसाच देऊ द्यावा.

काही मंडळी म्हणतील, त्यापेक्षा मुलांना टाळ-मृदंगाला लावा, फोन आपोआप सुटेल. आम्ही संप्रदायाचेच आहोत, मुलांनी पखवाज शिकावा ह्याहून आम्हांला काय प्रिय असणार? पण फोन काढून घेतल्याची भरपाई म्हणून टाळ हातात देऊ नयेत. टाळ ही शिक्षा झाली की तीही गेली. पोरांना आधी नुसते खेळू द्यावे. मैदान मोकळे आहे की नाही तेवढे पाहावे.

आता उत्तराला महिना का लागला ते सांगितले पाहिजे.

आमच्या गावी चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही हा त्यातला मुख्य नेम. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचे, पहारा पुढे चालू. ह्या वर्षी आमचा पहारा रात्री दोन ते चार होता. मंडपात पाच-सहा माणसे, त्यांतली निम्मी पेंगलेली. सव्वादोनच्या सुमारास आमच्या बंडीच्या खिशात फोन थरथरला. हातात वीणा, मुखात नाम, आणि त्यानंतरचे पावणेदोन तास आमचे सगळे चित्त त्या खिशात होते. कुणाचे काही बरेवाईट झाले असेल काय? इतक्या रात्री कोण? मिथ्याचाराची व्याख्या आम्ही चाळीस वर्षे वाचीत आलो आहोत. तिचा अर्थ त्या रात्री उभ्याने कळला.

चार वाजता वीणा घ्यायला एक मुलगा आला. दहावीची परीक्षा नुकतीच दिलेला, वाढलेले केस, अंगात कसलेसे इंग्रजी अक्षरांचे बनियन. त्याला पाहून आमच्या मनात जे आले ते लिहीत नाही. त्याने आधी खिशातून आपला फोन काढला, आमच्या पुढे धरला आणि म्हणाला, "माउली, हा तेवढा धरा. वीणा घेतल्यावर हा नको." आम्ही तो घेतला, वीणा त्याला दिली, त्याच्या पाया पडलो, तो आमच्या पडला. मग आम्ही खांबाशी जाऊन दोन फोन घेऊन बसलो आणि आधी आमचा उघडून पाहिला. कुठल्याशा दुकानाची जाहिरात होती.

हे पत्र आले तेव्हा आमचे फोनविषयी अग्रलेख लिहायचे आधीच ठरले होते. 'आजची तरुण पिढी' अशी सुरुवातही झाली होती. ती फाडून टाकली, आणि नवी सुरुवात सुचेना.

आमचा दोष सबंध संप्रदायाचा आहे असे आम्ही म्हणत नाही, तथापि डोळे उघडे ठेवले तर मंडपात काय दिसते? कीर्तन ऐन रंगात आले की श्रोत्यांचे हात वर होतात, टाळीसाठी नव्हे, चित्रीकरणासाठी. कीर्तन ऐकायचे राहून जाते, साठवायचे होते. कित्येक बुवाही आता तिकडे तोंड करून बोलतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला, पोटासाठी दूरदेशी गेलेल्या माळकऱ्याला ते चित्र पोचते, हा त्यातला मोठा लाभ, तो आम्ही नाकारीत नाही. पण त्यासाठी एका माणसाने एका कोपऱ्यात एक यंत्र लावले तरी पुरते. तीनशे माणसांनी तीनशे वेळा तेच करायला नको. पुढच्या सप्ताहात वीणेकऱ्यासाठी खांबाशी एक टोपली ठेवावी, पहाऱ्याला उभे राहण्याआधी फोन तीत टाकावा, असे आम्ही गावच्या मंडळींपुढे मांडले आहे. मंडळींनी हो म्हटले. पहिला फोन आमचा पडला पाहिजे, असेही एकाने म्हटले.

शिक्षकमित्रांना आम्ही वरच्यातले थोडे लिहून पाठवले. त्यांचे उत्तर आले आहे. त्यांनी आपला फोन मुलांच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. किल्ली शिपायाकडे असते. पहिल्या दिवशी त्या मुलाला बोलावून त्याच्यासमोर ठेवावा असे एकदा त्यांच्या मनात आले, पण ते नाटक होईल म्हणून त्यांनी केले नाही. मधल्या सुट्टीत दोनदा हात रिकाम्या खिशाकडे गेला म्हणतात. आणखी दोघा शिक्षकांनी फोन ठेवला, त्यांतल्या एकाने दुसऱ्याच दिवशी परत घेतला. मुख्याध्यापकांनी ठेवलेला नाही, त्यांना वरून फोन येतात. दप्तरांत पंधरा दिवसांत अजून तीन फोन सापडले.

त्या नववीतल्या मुलाचा फोन त्याची आई येऊन घेऊन गेली. जाताना तिने विचारले, घरी ह्याला किती वेळ द्यावा? ह्यांना सांगता येईना, म्हणून त्यांनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला आहे. आम्ही मिनिटे काही सांगितली नाहीत. आमच्या घरी हरिपाठाला बसल्यापासून रात्रीचे जेवण होईपर्यंत सगळ्यांचे फोन देव्हाऱ्याखालच्या फळीवर असतात, एवढे कळवले. आठवड्यातून एक-दोनदा तो नेम मोडतो, आणि मोडणारे बहुधा आम्हीच असतो, हेही लिहिले.